डब्यातल्या त्रेचाळीस गोळ्या

पावसाळा सरला की आमच्या वृद्धाश्रमात गाद्यांना ऊन देतात. दसरा-दिवाळीच्या मधला एखादा कोरडा दिवस बघायचा, सगळ्या गाद्या गच्चीवर न्यायच्या, दिवसभर झोडपायच्या. अशाच एका सकाळी वाईच्या आजींची गादी उचलताना मावशींच्या हाताला पत्र्याचा जुना बिस्किटांचा डबा लागला. हलवला तर खुळखुळला. सुपारी असेल, असं मावशींना वाटलं.

आत गोळ्या होत्या. सुट्या, पत्त्यातून, म्हणजे स्ट्रिपमधून, काढलेल्या. काही पांढऱ्या, काही फिकट गुलाबी, दोन-तीन पिवळ्या, आणि पावसाळ्यातल्या दमटपणानं एकमेकींना चिकटलेल्या काही. डब्याला आंबूस वास येत होता. हा वास मला ओळखीचा. ॲस्पिरिनची गोळी ओल लागून विरू लागली की व्हिनेगरसारखा वास सुटतो, कारण तिचं विघटन होऊन खरोखरच तेच आम्ल तयार होत असतं. मी रुमाल पसरून गोळ्या ओतल्या आणि मोजल्या. त्रेचाळीस.

मी तीस वर्षं सरकारी ग्रामीण रुग्णालयांमध्ये औषध निर्माण अधिकारी म्हणून काम केलं. खिडकीपुढच्या रांगेला गोळ्या मोजून देण्यात उमेद गेली. निवृत्त झाल्यावर पुण्याबाहेरच्या या आश्रमात आठवड्याचे दोन दिवस जाऊ लागले, तेही औषधांचं कपाट बघायलाच. आश्रमाचं नाव इथे लिहीत नाही. जे आमच्याकडे घडलं ते थोड्याफार फरकानं बहुतेक ठिकाणी घडत असणार.

आजी बाहेर व्हरांड्यात ऊन खात बसल्या होत्या. मी शेजारी बसले, रुमाल उलगडला.

"आजी, या तुमच्या का?"

"माझ्याच की. कुणाच्या चोरल्या नाहीत."

"मग घेतल्या का नाहीत?"

"घेते की. एक दिवसाआड घेते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "महिन्याला अडीच हजारांचं बिल जातं गं पोराला. त्याची पोरगी कॉलेजात आहे. साठल्या की तुझ्याकडेच देणार होते. दुकानदार परत घेईल ना?"

मला पटकन काही बोलता आलं नाही. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली तर काय होऊ शकतं, हे मी रांगेतल्या माणसांना हजारदा सांगितलं असेल. पण इथे एक बाई मुलाला पैशांची झळ बसू नये म्हणून एक रात्रीआड गोळी गालात धरत होती, मावशी पुढच्या कॉटकडे वळल्या की पदरात काढून ठेवत होती. तिला रागवायचं कसं?

त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी धरून आहे. आपल्याला औषध टाकवत नाही. आणि न टाकलेलं औषध म्हाताऱ्या माणसांच्या घरात, विशेषतः जिथे अशी चाळीस-पन्नास माणसं एकत्र राहतात तिथे, हळूहळू धोक्याची वस्तू बनत जातं.

ही सवय कुठून आली असेल, याचा मी बराच विचार केला. माझ्या आजीकडे बटवा होता. त्यात सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड. सहाणेवर दोन-चार वळसे उगाळायचे आणि परत बटव्यात ठेवून द्यायचं. एक हळकुंड वर्षभर पुरायचं, मुरुडशेंग तर आईला आणि मावशीला उगाळलेलीच आम्हालाही मिळाली. त्या औषधाला मुदत नव्हती, झिजेल तेवढं झिजायचं. घरात औषध उरलेलं असणं ही शहाण्या बाईची खूण होती. बटवा गेला, पण ती खूण आपण सोडली नाही. आता फ्रिजच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात मागच्या तापातल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या, अर्धवट खोकल्याचं औषध, कुणाच्या तरी पाठदुखीचा अर्धा पत्ता. लागेल कधीतरी, म्हणून ठेवलेलं. पण गोळी म्हणजे सुंठेचा तुकडा नव्हे. ती एका माणसासाठी, एका मापानं, ठरावीक दिवसांसाठी दिलेली असते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आश्रमातलं कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून होतं. भिंतीपलीकडे दिवसभर शेगडी चालू. हात लावला तर भिंत कोमट. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांच्या खाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवा, असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात त्या कपाटात औषधं अक्षरशः शेकत होती. इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून, दुधाच्या पिशव्यांमागे. इन्सुलिनला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो, गोठलेलं मात्र त्याला मुळीच चालत नाही. एकदा गोठून वितळलेली बाटली दिसायला तशीच दिसली तरी टाकून द्यायची असते. कोणती बाटली कधी उघडली, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी बाजूला काढतात. डोळ्यांत घालायच्या थेंबांचंही तसंच, उघडल्यापासून महिनाभर. बाटलीवर छापलेली तारीख ही न उघडलेल्या बाटलीची असते, हे अजून कितीतरी सुशिक्षित घरांत ठाऊक नसतं.

हे सगळं दोन आठवड्यांत मार्गी लागलं. कपाट उत्तरेच्या खोलीत हलवलं, फ्रिजमध्ये झाकणाचा वेगळा डबा आणि एक थर्मामीटर ठेवला, बाटल्यांवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहायला सुरुवात केली. अवघड होता तो खालचा कप्पा.

खालच्या कप्प्यात दानाची औषधं असत. कुणाचे वडील गेले, आई गेली, की तेराव्यानंतर कधीतरी घरचं माणूस पिशवी घेऊन आश्रमात येतं. पिशवीत कपडे, काठी, कमोडची खुर्ची आणि गोळ्या. "चांगल्या आहेत हो, टाकवत नाहीत. कुणाच्या तरी उपयोगी पडतील." ते म्हणताना डोळे भरून आलेले असतात. वडिलांसाठी आणलेली ती शेवटची औषधं, त्यांच्या हाताला न लागलेली. ती कचऱ्यात टाकणं म्हणजे वडिलांनाच टाकल्यासारखं वाटतं. मला ते समजतं. माझ्या सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा आमच्याही घरी वर्षभर होता.

तर असं सगळं त्या खालच्या कप्प्यात साठायचं. आमच्याकडे पूर्वी सगळेच हात जोडून ते घ्यायचे, कारण आश्रमाला पैशांची चणचण कायमचीच. त्यात कापलेले पत्ते फार. पत्त्यावर मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक बहुधा एकाच टोकाला ठशानं उमटवलेला असतो. दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा तो टोकाचा तुकडा कधी गिऱ्हाइकाकडे जातो, कधी दुकानातच राहतो. उरलेल्या तुकड्यावर नावाची दोन-तीन अक्षरं शिल्लक. चंदेरी फॉइल, पांढरी गोळी. रक्तदाबाची तशीच, साखरेची तशीच, झोपेची तशीच.

सातारचे मास्तर आमच्याकडे होते. रक्तदाब आणि थायरॉइड, बाकी तब्येत खणखणीत. साखरेचा आजार त्यांना नव्हता. एका संध्याकाळी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. दुकान बंद व्हायच्या बेतात. मावशींनी खालच्या कप्प्यात शोधाशोध करून तसाच दिसणारा तुकडा काढला आणि त्यातली गोळी दिली. ती ग्लिमेपिराइडची होती, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी. महिन्याभरापूर्वी एका गृहस्थांच्या सुनेनं दिलेल्या पिशवीतली.

मास्तर त्या रात्री नीट जेवलेही नव्हते. अडीचच्या सुमाराला शेजारच्या कॉटवरच्या काकांना जाग आली ती त्यांच्या बडबडण्यानं. मास्तर वर्गात असल्यासारखे हजेरी घेत होते. अंगावरचा सदरा घामानं चिंब. सिस्टरनं बोट टोचून साखर पाहिली, ३८, म्हणजे फारच खाली. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात साखर कोंबायची नसते, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सिस्टरला ते ठाऊक होतं म्हणून मास्तर वाचले, असं मी मानते. रुग्णवाहिका आली, शिरेतून ग्लुकोज दिलं. पण या गोळीचा असर लांब चालतो, साखर वर येऊन परत खाली जाते, म्हणून दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं.

मी पोचले तेव्हा मावशी जिन्यात बसून रडत होत्या. आठवीपर्यंत शिकलेली बाई, बारा तासांची पाळी, चौदा माणसांच्या गोळ्या. मी त्यांना कधीच दोषी धरलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या हाताशी तो कप्पा भरून ठेवला होता. देणाऱ्यांनी प्रेमानं दिलं, घेणाऱ्यांनी कृतज्ञतेनं घेतलं, आणि मधल्या मधे मास्तरांचा जीव जाता जाता राहिला.

दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा मी रिकामा केला. तीन पोती भरली.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येकाचा खण वेगळा, त्यावर नाव आणि फोटो. गोळी पत्त्यातून काढायची ती फक्त आठवड्याच्या डबीत भरण्यापुरती, बाकीच्या फॉइलमध्येच राहू द्यायच्या, कारण उघड्या गोळीला दमट हवा लगेच धरते. पत्ता कापून आणायचा नाही. कापावाच लागला तर तारखेचा तुकडा शेवटपर्यंत सांभाळायचा. मुदत संपायला तीन महिने राहिले की पाकिटावर लाल पेनानं गोल. झोपेच्या आणि तीव्र वेदनांच्या गोळ्यांना आतला वेगळा कप्पा, त्याला दुसरं कुलूप, आणि पाळी बदलताना दोघींनी मिळून मोजून सही. वेदनांवरचं ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, झोप आणणारं अल्प्राझोलाम आधीपासूनच आहे. ही औषधं बाहेर विकली जातात, चोरीला जातात, आणि एखाद्या खचलेल्या म्हाताऱ्या जिवाच्या हाताला एका रात्री सगळीच लागू शकतात. हे शेवटचं कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी बोलते, कारण नोकरीच्या काळात अशा दोन रात्री मी पाहिल्या आहेत.

दानाची औषधं आम्ही आता घेत नाही. न फोडलेली, चांगली मुदत असलेली औषधं घेऊन फार्मासिस्टकडून तपासून गरजूंना देणारे लोक आहेत. दिल्लीत ओंकारनाथ शर्मा हे गृहस्थ 'मेडिसिन बाबा' म्हणून त्यासाठीच ओळखले जातात. ते मोठं काम आहे, पण ते निगुतीनं करायचं काम आहे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिशवी सरकवून ते होत नाही. नाही म्हणताना अजूनही जड जातं. एक मुलगा पिशवी हातात घेऊन बराच वेळ फाटकात उभा राहिला होता. त्याला आत बोलावून चहा दिला, त्याच्या आईच्या गोष्टी ऐकल्या. त्याला गोळ्या देण्यापेक्षा ते जास्त हवं होतं, असं मला वाटतं.

आता ती तीन पोती.

त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला वाटला होता त्याहून फार मोठा निघाला. आधीची पद्धत म्हणजे मागच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर जाळायचं आणि पातळ औषधं मोरीत ओतायची. जाळल्यावर येणारा तो काळा, घशाला झोंबणारा धूर फॉइलचा आणि प्लॅस्टिकचा. मोरीचं पाणी ओढ्याला, ओढा नदीला. एकट्या आश्रमाच्या मोरीनं काय होतंय, असं मीही कधीकाळी म्हटलं असेन. पण हैदराबादजवळच्या पटनचेरूचं उदाहरण मला विसरता येत नाही. २००७ साली स्वीडिश संशोधकांनी तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. या केंद्राकडे सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी येत होतं. एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त! ते कारखान्यांचं पाप, घरांचं नव्हे, हे खरं. तरी पाण्यात गेलेलं औषध औषधच राहतं, हे त्यातून मला कळलं. गिधाडांची गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखत घडली. दुखण्यावर आपण सर्रास घेतो ते डायक्लोफेनॅक गुरांना दिलं जायचं. गुरं मेली की गिधाडं ती खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी येईपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळपास नाहीशी झाली होती. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या वडावर ती दाटीनं बसलेली असत. औषधाचं काम आपल्या पोटात संपत नाही, हे सांगायला मला दुसरा दाखला लागत नाही.

कायद्यात वाट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार मुदत संपलेली आणि टाकून दिलेली औषधं पिवळ्या पिशवीत जातात, पिशवीवर बारकोड लागतो, आणि अनेक दवाखान्यांसाठी असलेल्या सामायिक केंद्राच्या भट्टीत ती उच्च तापमानाला जाळली जातात. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. दवाखान्यांकडे त्या केंद्राची गाडी येते. आमच्याकडे येत नव्हती, कारण आम्ही दवाखाना नव्हतो. विचारायला गेलं की 'घरगुती कचऱ्यात टाका' असं उत्तर. घरगुती कचऱ्याच्या नियमांतही मुदत संपलेली औषधं वेगळी, घातक म्हणूनच धरली आहेत, पण ती वेगळी घेणारं दारात कुणी येत नाही. कचरा वेचणाऱ्या बायांच्या हाती मात्र ती पडतात. आमच्या फाटकाशी येणारी ताई ढिगात हात घालून पत्ते वेगळे काढताना मी पाहिली आहे. त्यातलं एखादं पाकीट पुसून परत दुकानात जाणं अशक्य नाही. चार महिने अर्ज, फोन आणि खेटे घालून शेवटी आश्रमानं सामायिक केंद्राशी स्वतःचा करार केला. महिन्याचे पैसे भरावे लागतात. विश्वस्तांच्या बैठकीत त्यावरून वाद झाला, तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. ते काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. ठराव मंजूर झाला.

केरळनं याबाबतीत फार चांगलं काम हाती घेतलंय. २०२५ मध्ये कोळिकोडपासून त्यांच्या औषध नियंत्रण खात्यानं घरोघरची नको असलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली. एन-प्राउड नाव आहे त्या योजनेचं. आपल्याकडे प्रत्येक औषध दुकानाच्या काउंटरवर तसा एक डबा असता तर फ्रिजच्या डोक्यावरचे निम्मे डबे रिकामे झाले असते. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय औषध नियंत्रकांनी मार्गदर्शन काढलं. त्यात १७ औषधं अशी दिली आहेत की गोळा करायची सोय नसेल तर ती घरात न ठेवता सरळ संडासात सोडावीत. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम ही त्यातली. नदीची काळजी करणाऱ्या मला हे वाचून आधी धक्का बसला. मग तीव्र वेदनांवर कातडीला चिकटवायची फेंटानिलची पट्टी आठवली. कर्करोगाच्या एका आजींना ती लावायचो. तीन दिवसांनी काढलेल्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं. भेटायला आलेल्या नातवानं ती खेळणं म्हणून अंगाला चिकटवली तर त्याचा श्वास थांबू शकतो. ज्या घरात पिवळी पिशवी पोचत नाही, तिथे अशी पट्टी चिकट बाजू आत दुमडून लगेच सोडून देणंच बरं, असं आता मलाही पटलंय. ही सूट त्या मोजक्या औषधांपुरती. बाकीच्या गोळ्यांसाठी शेजारीपाजारी मला विचारतात तेव्हा मी सांगते: पत्त्यातून काढा, चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवीची गाठ मारा, पाकिटावरचं नाव खोडा, मग सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळं द्या. हा उत्तम मार्ग नव्हे, आहे त्यातला बरा.

वाईच्या आजींच्या त्या त्रेचाळीस गोळ्या पहिल्या पिवळ्या पिशवीत गेल्या. आजींनी स्वतः रुमाल उपडा केला. डबा मी घासूनपुसून, उन्हात वाळवून, खडीसाखर भरून परत दिला. साखरेचा त्रास त्यांना नव्हता. मुलाशीही बोलणं झालं. तो फोनवर बराच वेळ गप्प होता. डॉक्टरांनी दोन औषधं कमी केली, बाकीची जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो, बिल निम्म्याच्या खाली आलं. आजी रोज रात्री गोळी घेतल्यावर तोंड उघडून मावशींना दाखवायच्या, लहान मुलासारखं, आणि मग डब्यातला एक खडा तोंडात टाकायच्या.

गेल्या फाल्गुनात त्या गेल्या. झोपेतच.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी त्याचा खण उघडतो. दोघांनी मिळून, घरचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर. आजींचा मुलगा समोर बसला होता. मी पत्ते काढत गेले, मावशी लिहीत गेल्या. ॲम्लोडिपिन ११. ॲटोर्वास्टॅटिन ९. कॅल्शियम १४. डोळ्यांचे थेंब, उघडलेले, एक. मुलगा प्रत्येक पत्ता हातात घेऊन बघत होता आणि पिशवीत ठेवत होता. शेवटी त्यानं सही केली. खणावरचा फोटो मी काढून त्याच्याकडे दिला.

मग मावशींनी उशाखालचा तो डबा आणला. आत खडीसाखरेचे चार खडे उरले होते.

"हे वहीत लिहायचं का, ताई?" मावशींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "ते त्यांना द्या."